तळ्याच्या तळाशी कोण राहतं

मी महाडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. गावाबाहेरच्या तळ्याचा गाळ काढायचा, चाळायचा आणि त्यातले किडे, गोगलगायी, शिंपले मोजायचे, हे आमच्या सरांचं आणि माझं काम. चाळणीत काही उरो न उरो, किस्से मात्र हमखास उरतात!

पहिल्याच दिवशी काठावर गर्दी जमली. "कोण बुडाला?" एकाने विचारलं. शिंपले कुठे मिळतील, असं आम्ही विचारताच सगळे हसले. तळ्यातले शिंपले काढून घर चालवलेल्या काशीमावशी तेवढ्या हसल्या नाहीत. तळाचा गाळ उचलायच्या आमच्या लोखंडी यंत्रात नुसता चिखल आला. मावशी साडी खोचून पाण्यात शिरल्या, पायाच्या बोटांनी चाचपलं आणि तीन शिंपले वर काढले.

"मावशी, तुम्हाला पीएच.डी. द्यायला हवी!" सर म्हणाले.

"ती नको. ती चाळणी द्या, तांदूळ चाळाया बरी हाय."

पुढे नाल्यातून कारखान्यांचं पाणी तळ्यात यायला लागलं. एकदा चाळणी लाल किड्यांनी नुसती वळवळत होती. नवी विद्यार्थिनी खूश. "सर, केवढा जीव आहे या तळ्यात!"

सरांनी किडे मोजून वहीत आकडा लिहिला. परत येताना टपरीवर चहा घेताना म्हणाले, "बाकीचे मेले की हेच माजतात." तिने चहा तसाच ठेवला.

तुलनेसाठी एक चांगलं तळं लागतं. जवळचं बिघडलं की त्याच्या पुढचं. असं करत करत आता पोलादपूर मागे टाकून उमरठच्या बाजूला जावं लागतं. येताना एसटीत कंडक्टरने बादलीत डोकावून पाहिलं.

"चिखल? महाडात नाय का चिखल?"

"आहे, पण चांगला नाही."

"चिखलात पण चांगला-वाईट? धन्य हाय!" म्हणत त्याने बादलीचं तिकीट फाडलं.

सरांनी रिपोर्ट लिहिला. शिंपल्यांपुढे शून्य, गोगलगायींपुढे शून्य. प्रदूषण खात्याच्या एका साहेबांनी तो उभ्या उभ्या चाळला. "किडे मेले म्हणता? मग चांगलंच की, डास कमी होतील!"

त्या दिवशी सर डबा न उघडताच घरी गेले. मला तर रडूच आलं. इतकी वर्षं आम्ही नेमकं कुणासाठी मोजतोय, तेच कळेना.

कारखान्यांच्या त्या पाण्याने पाय सोलवटायला लागले तसं मावशींनी पाण्यात उतरणं सोडलं होतं. परवा त्या अचानक लॅबमध्ये आल्या, लंगडत. हातात स्टीलचा डबा. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला एकच शिंपला. जिवंत!

"तीन दिस पाण्यात शोधला. शेवटचाच असल. तुमच्याकडं ठेवा, इथं तरी जगंल."

मी घाईघाईने काचेची टाकी पुसली, शिंपला आत ठेवला. तपासणीसाठी सकाळीच आणलेला आमच्या तळ्याच्या पाण्याचा कॅन टेबलावर होता. तो उचलून मी ओतायला वाकवला.

मावशींनी माझं मनगट धरलं.

"तळ्याचं पानी नको रे घालू त्याला!"