दुसरी ओळ माझी

मी आणि माझी थोरली बहीण विमलताई, आम्ही दोघं बोरी पंचक्रोशीतले नामवंत गायक होतो. (पंचक्रोशी म्हणजे जिथपर्यंत आमच्या मामाची ओळख होती तिथपर्यंत.) लग्नात पंगत बसली की आम्ही माईकवर हळुवार गाणी म्हणायचो. इतकी हळुवार, की कर्ण्याखाली जेवणारेही विचारायचे, "कवा सुरू करनार?" पहिली ओळ ताईची, दुसरी माझी. सहा वर्षं हाच शिरस्ता!

मग ताईला पाहायला पाथरीचे पाहुणे आले. मुलगा मास्तर, स्थळ चांगलं, आणि खिडकीतून बघून ताईनं आधीच मनातल्या मनात हो म्हटलेलं. मुलाचे वडील लोडाला टेकून म्हणाले, "म्हन बाई एखादं गानं."

ताईनं आमची अंगाई धरली. एक ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी माझी होती ना! आणि मी आत पोह्यांच्या बशा भरत होतो. बाबा खोकले. ताई आपली पडद्याकडे बघायलीय.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "दत्ता, म्हन की. बहिनीची सोयरीक मोडायलास का?"

मी पडद्याआडून सूर लावला.

"आत कोन गायलाय?" पाहुणे दचकले.

"भाऊ हाय तिचा," बाबा म्हणाले. "दोघाला अर्धं अर्धं गानं येतंय."

मला बाहेर बोलावलं. मी हातातल्या बशीसकट ताईशेजारी बसलो आणि आम्ही अंगाई पुरी केली. बघतो तर मुलाचे वडील चक्क घोरत होते! आईनं डोळ्याला पदर लावला. ताई मान वर करीना.

अर्ध्या तासानं ते उठले. "लय दिवसानं डोळा लागला," म्हणाले. "पोरगी पसंत हाय." सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याची ओळ आली की तेवढी जाग यायली."

ताई सासरी गेल्यावर चारठाण्याच्या एका लग्नात मी एकटा गायलो. दुसऱ्याच गाण्याला लोकांनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. सहा वर्षं जोडी एकटी ताईच ओढत होती, आणि तिनं मला कधी कळू दिलं नाही. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

पाथरीला ताई लेकरांना तीच अंगाई म्हणते. दुसरी ओळ आली की गप्प राहते. "ती तुझी हाय," म्हणते.

लेकरं नेमकी तेवढ्यातच झोपतात.