चावडीसमोर फटफटी बंद होती

"उतर खाली."

पाटलाचा आवाज मोठा नव्हता. मोठा करायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. मी चावडीसमोर फटफटीवर बसलो होतो आणि चावडीतली माणसं उभी होती. ती माझ्यासाठीच उठली होती. माझ्या डोक्यावर चामड्याची टोपी, डोळ्यांवर धूळ अडवणारा मोठा चष्मा, अंगात लष्करी कोट. त्यांना वाटलं, चिकोडीहून कुणी साहेब आला. पाटलाचाही हात कपाळाला गेला होता. माझा बाप गावकीच्या कामाला म्हणून खाली धुळीत बसलेला. त्यानं तर कपाळ जमिनीला टेकवून जोहार घातला.

मला. पोटच्या पोराला.

मी घाईनं चष्मा काढला. "आबा, उठा की. मी हाय."

"आरं तिच्या, हे तर धोंड्याचं पोरगं!" कुणीतरी ओरडलं.

पाटलाचा हात कपाळावरून खाली आला. महाराला सलाम केला गेला, याची त्याला लाज वाटली. ती लाज फेडायची मात्र मला होती.

"उतर म्हंतोय न्हवं? आन् बंद कर ते."

आमच्या गावात रिवाज होता. महारवाड्यातलं माणूस चावडीसमोरून कशावरही बसून जात नसे. बैलगाडीतून उतरायचं, नवरदेवानंही उतरायचं. फटफटी रिवाजात नव्हती, कारण गावानं ती पाहिलीच नव्हती. पाटलानं ती त्या क्षणी रिवाजात घातली.

लढाईत मी फटफटीवरून लष्कराचं टपाल नेत होतो. शेजारी तोफेचे गोळे पडत, तरी थांबायचं नाही असा हुकूम असे, आणि मी थांबलो नव्हतो. इथे एका उघड्या पोटाच्या माणसानं दोन शब्द सांगितले आणि मी उतरलो.

चावडीत हशा पिकला.

"फटफटी दमली का रं?"

"वैरण घाल की तिला!"

"धोंड्या, साहेबाला जोहार घातलास न्हवं? मग साहेबाची गाडी ढकल की मागनं!"

आबा उठले आणि मागून ढकलू लागले. तेही हसत होते. त्या हसण्यानं मला जेवढं भाजलं, तेवढं लढाईनं भाजलं नाही.

फटफटी माझी नव्हती. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं लष्करानं काढून टाकलेली ही गाडी घेतली होती. त्याला ती चालवता येत नव्हती, म्हणून मी. तंबाखूचे नमुने घेऊन चिकोडीला जायचं, बेळगावला जायचं. रस्त्यात बैल बुजत. गाडीवान कासरे ओढून खाली वाफ्यात उतरत आणि वर मलाच रामराम घालत. बाया पदर ओढून पाठ फिरवत. चहाच्या दुकानात मालक स्वतः खुर्ची पुसून देई. मग टोपी-चष्मा उतरला, बोलणं झालं, की ठरलेला प्रश्न येई. "कंच्या गावचा? कुणाचा रं तू?" उत्तर ऐकलं की खुर्चीही जाई आणि कपही. यंत्राला भ्यायचे ते. वर बसलेला माणूस कळला की त्यांची भीती जाऊन तिथं दात दिसायचे.

आणि मी काय केलं? मी शिकलो. आमचा वाडा गावाच्या खालच्या अंगाला, मोठा रस्ता वरच्या अंगाला, मधून वाट एकच, चावडीसमोरून. चावडी दिसली की मी आधीच फटफटी बंद करायचो. उतरायचो. ढकलायचो. कुणाला सांगावं लागत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याआधी एका सकाळी आबांच्या छातीत कळ आली. अंग घामानं भिजलं, ओठ काळे पडले. डॉक्टर निपाणीला. मी त्यांना फटफटीवर मागे बसवलं. ते पडू नयेत म्हणून आईनं तिच्या लुगड्यानं त्यांना माझ्या पाठीशी बांधलं. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

चावडी आली. पाटील एकटाच पायरीवर बसून मशेरी लावत होता. त्यानं वर पाहिलं. तो काही बोलला नाही. नीट ऐका. तो काही बोलला नाही.

माझ्या हातानं फटफटी बंद केली. माझ्याच हातानं लुगड्याची गाठ सोडली.

"आबा, एवढं चावडीपुरतं चाला."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. "चालतो की. धन्याला राग नगं."

पुढे चढ होता. मी फटफटी ढकलत होतो, आबा मागची बैठक धरून येत होते. मारुतीच्या देवळापाशी बैठकीवरचा भार गेला. मी वळून पाहिलं. ते खाली बसले होते, मग आडवे झाले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं. पाटील तिथूनच बघत होता. मशेरीची पिंक टाकून तो आत गेला.

दुपारपर्यंत गावानं गोष्ट तयार केली. फटफटीनं म्हातारा खाल्ला. पोराला साहेब व्हायचं होतं, त्या सैतानावर बापाला बसवला, धक्क्यानं काळीज फुटलं. बायका कडाकडा बोटं मोडत होत्या. आमच्या वाड्यातही तेच. आणि मी मान हलवली. यंत्रावर ढकललं की कुणीच दोषी राहत नव्हतं. गाव नाही, मी नाही. गावात इतकी वर्षं तेच चाललं.

खोटं आहे ते. फटफटी बंद होती.

आबांचे दिवस झाल्यावर गाडी मालकाला परत द्यायला मी निघालो. टोपी घातली नाही, चष्मा लावला नाही. चावडी दिसली आणि फटफटी बंद करायला सवयीनं हात वळला. मी तो हात बघितला. हाच तो. पाटील त्या दिवशी बोलला नव्हता, तरी मी ऐकलं होतं. मग हुकूम आता चावडीत नव्हता, माझ्यातच होता. मी हात मागे घेतला.

फटफट आवाज करत मी चावडीसमोर आलो. चालत्या माणसाच्या वेगानं. सगळ्यांना तोंड दिसावं म्हणून.

"उतर," पाटील म्हणाला.

"न्हाय."

"बाप गेला तरी मस्ती जिरली न्हाय व्हय रं?"

"बाप उतरला म्हणून गेला. मी न्हाय उतरत."

पहिला दगड खांद्यावर बसला, दुसरा कानावर. तो कान अजून बहिरा आहे. मी पडलो नाही. उतरलो नाही. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या वाड्याला विहिरीचं पाणी बंद झालं, दुकानातलं मीठ बंद झालं. वाड्यातले लोक आईला म्हणाले, "तुझ्या पोरानं आमालाबी बुडवलं." मी आईला घेऊन बेळगावला आलो. परत राहायला गेलो नाही.

आता मी म्हातारा झालो. परवा गावातली पोरं आली होती. त्यांच्यात पाटलाचा पणतूही होता, वागायला चांगला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही जुने सैनिक. चावडीसमोर सत्कार करायचाय. शाल, नारळ. मागचं सगळं विसरून या."

मी येणार आहे. शाल घेणार नाही. विसरणार तर नाहीच. बापाची गाठ मी सोडली, ते पाप माझं, ते मी कुणाला वाटून देणार नाही. ती सोडायला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, त्यांचं पाप मी माझ्या अंगावर घेणार नाही. हे लिहिलेलं मी तिथे, आबा जिथे उतरले तिथे उभा राहून वाचणार. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

माझं वाचून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.