म्हशीच्या मर्जीचा सायलेन्सर

"मॅडम, सायलेन्सर गाडीला बसवायचा असतो, म्हशीला नाही," आमचे साहेब म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले. समोर बसलेल्या वैभवला मात्र हसू येत नव्हतं.

उरवड्यातल्या आमच्या कारखान्यात सायलेन्सर बनायचे आणि त्यांच्या आवाजाचं खातं माझ्याकडे होतं. दिवसभर गोंगाटात उभं राहून शांतता तयार करायची, अशी ही विचित्र नोकरी. कान आवाजाच्या इतके नादी लागले होते की घरात मिक्सर सुरू झाला तरी मी स्वयंपाकघरात जाऊन त्याचं दुखणं सांगायची. घरच्यांनी माझ्यापुढे हात टेकले होते.

वैभव मूळचा जालन्याचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर सपोर्टला होता. अमेरिकेच्या घड्याळावर काम, त्यामुळे पहाटे सुटायचा. राहायला जवळच्या नांदे गावात, हौसाबाईंच्या घरामागच्या खोलीत. शाळेत असताना वहीच्या शेवटच्या पानावर तो जी गाडी काढायचा, तसली एक टर्बो गाडी त्याला सेकंडहँड मिळाली होती. आधीच्या मालकाने मात्र कंपनीचा सायलेन्सर फेकून नुसता गर्जना करणारा पाइप लावला होता. मूळचा सायलेन्सर परदेशातून मागवावा लागणार, आणि तो कधी येईल ते कोणीच सांगेना, म्हणून तो आमच्याकडे आला होता.

पहाटे ती गाडी गल्लीचा चढ चढायची, नेमकी तेव्हाच हौसाबाई धारेला बसलेल्या असायच्या. गाडी आली की म्हैस पान्हा चोरायची. दूध कासेतच राहायचं. गाडी लांब रस्त्यावर लावून बघितली, तर चाकांच्या टोप्या चोरीला गेल्या.

"हौसाबाई काय म्हणतात?" मी विचारलं.

वैभव खाली बघत म्हणाला, "म्हणाल्या, लेकरा, म्हस अशीच आटली तर मी काय करू? गाडी गप कर, न्हाईतर इकून टाक. तुला जा म्हनवत न्हाई मला."

जा म्हणवत नाही, हे ऐकून माझा मनातला नकार तिथेच विरघळला. साहेबांनीही हसू आवरलं. "करा, पण आपली कामं सांभाळून," म्हणाले.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराला जाता जाता कामाला लावायचं. धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. पण त्या पंख्यापुढे धुराला मोकळी वाट लागते. वाट अडवली की टर्बो रुसतो.

आम्ही आधी कप्प्यांचा सायलेन्सर लावला. त्यात धूर या खोलीतून त्या खोलीत वळसे घेत जातो, आवाज वाटेत थकतो. गाडी एकदम गरीब झाली. वैभव तिला ताम्हिणीच्या रस्त्याला नेऊन आला तेव्हा चेहरा पडलेला होता.

"मॅडम, ही तर माझ्या काकांची गाडी वाटते. चढावर हिला दम लागतोय."

मग सरळ वाटेचा लावला. आत जाळीसारखी भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचेची लोकर. धूर सरळ निघून जातो, आवाज लोकरीत मुरतो. आवारात गाडी उभी करून मागे आवाज मोजायचं मीटर धरलं. आकडा बघून साहेबांनी स्वतः चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात वैभव परत हजर.

"मीटरला पटलं मॅडम. म्हशीला नाही पटलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही आवाज मोजला तो गाडीच्या मागे, कारखान्याच्या मोकळ्या आवारात. तक्रार गोठ्यातली होती आणि गोठ्यात आमच्यापैकी कोणीही गेलेलं नव्हतं.

मी पहाटे नांद्याला गेले. भातखाचरांवर धुकं पसरलं होतं. पलीकडे हिंजवडीच्या इमारतींचे दिवे त्या धुक्यावर तरंगत होते, खाली जमीन आहे की नाही कळत नव्हतं. मी कुणाच्या तरी स्वप्नात चुकून शिरल्यासारखी उभी होते. गोठ्यात ऊब होती. हौसाबाई म्हशीच्या पोटाला डोकं टेकून गुणगुणत होत्या. त्याला ना शब्द होते ना धड चाल, पण त्या नादावर म्हशीचे डोळे अर्धे मिटले आणि चरवीत धारा वाजू लागल्या. असा आवाज मी कधी मोजला नव्हता आणि मोजावासाही वाटला नाही. मी कशासाठी आले होते तेच क्षणभर विसरले.

मग गाडी चढाला लागली. बाहेर फार आवाज नव्हताच. पण आमच्या डोक्यावरचा पत्रा घुमायला लागला. मी भिंतीच्या पत्र्यावर तळहात ठेवला, तर तो थरथरत होता. हौसाबाईंचं गुणगुणणं त्यात बुडून गेलं. म्हशीने कान टवकारले, पाय हलवला, धार तुटली.

"आता हिला किती बी गोंजारा," हौसाबाई म्हणाल्या, "सोडायची न्हाई."

"मावशी, पत्रा नीट ठोकून घेतला तर?"

"आन् किती ठोकशीला? सारी आळी पत्र्याचीच हाय, बाई."

बरोबर होतं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी एका विशिष्ट वेगाला आली की एकच जाड, खालचा सूर निघत होता. लोकर बारीक आवाज खाते, असल्या जाड सुराला ती पुरत नाही. पत्र्याला नेमका तोच सूर आवडत होता.

"आता काय लावायचं?" साहेबांनी विचारलं.

"पाइपला बाजूने एक नळी. दुसऱ्या टोकाला बंद."

"बंद नळीतून धूर जाणार कुठे?"

"धूर नाही जाणार, साहेब. आवाज आत जाईल आणि आपटून परत येईल. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच उलटा धक्का दिला की थांबतो ना? तसा हा परतलेला आवाज मागून येणाऱ्या आवाजाला थांबवेल."

नळीची लांबी चुकली तर सगळं फुकट. ती माणसाच्या उंचीएवढी भरली, म्हणून वळवून गाडीच्या पोटाखाली बसवली. थोडी कापायची, चढावर गाडी चालवून ऐकायचं, परत कापायची. माझ्या कानांना इतकं सुख त्या नोकरीत क्वचितच मिळालं असेल.

दुसऱ्यांदा नांद्याला गेले तेव्हा साहेबही आले. बूट शेणात भरले तरी जागचे हलले नाहीत. हौसाबाई गुणगुणत होत्या. गाडी चढाला लागली. मी पत्र्यावर हात ठेवला होता, पत्रा गार आणि गप्प होता. धुक्यातून फक्त टर्बोची बारीक शिट्टी आली, कुणी दूरवर ओठ न हलवता घालावी तशी. म्हशीने एक कान वळवला आणि परत रवंथ करू लागली. धार चालूच राहिली. मला इतका आनंद झाला की मी साहेबांचा दंड घट्ट धरला होता, हे नंतर कळलं.

वैभव उतरून गोठ्याच्या दाराशी आला, आत यायला मात्र धजेना.

"मावशी, एवढी शिट्टी उरलीय," मी म्हणाले. "तीही काढता येईल. थोडं काम वाढेल इतकंच."

हौसाबाईंनी धार न थांबवता मान हलवली.

"नगं बाई. ती ऱ्हाऊ द्या. ह्या रस्त्याला गाड्या कशा पळत्यात, बघताय न्हवं? लेकरू घरी आल्यालं मला कळाया नगं?"

वैभवने तोंड फिरवलं. साहेब बुटाचं शेण पुसायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

आवाज किती कमी करायचा, हे मला शिकवलं होतं. कोणता ठेवायचा, हे कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून शांत सायलेन्सर मागायला कोणी आलं, की गाडी कुठली हे मी नंतर विचारायची. आधी विचारायची, घरी वाट कोण बघतं.