दोन जहाजांचा करार

मी पोटासाठी भाऊबंदकी शिकवतो. आपल्याकडची नव्हे, उत्तरेच्या समुद्रातली. स्कॉटलंडच्या डोक्यावर ऑर्कनी नावाची बेटं आहेत. मध्ययुगात तिथे नॉर्वेहून आलेल्या सरदारांची सत्ता होती. त्यांना अर्ल म्हणत. राजा लांब नॉर्वेत, बेटांवर हुकूम अर्लाचा. अर्ल मेला की गादी एकाच मुलाला मिळेल असं काही नव्हतं. भाऊ, पुतणे, चुलतभाऊ, जो हक्क सांगेल त्याला वाटा. कुणाला निम्मी बेटं, कुणाला तिसरा हिस्सा. मग काही वर्षं गोडीगुलाबीची आणि त्यानंतर कापाकापी.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात पहिल्या तासाला डच मुलं हमखास विचारायची, भारतातल्या माणसाला यात एवढा रस कसा? मी म्हणायचो, आमच्या गावाला चला, एकाच बांधावर तीन अर्ल भांडताना दाखवतो. वर्ग हसायचा. गेली दोन वर्षं मी तो विनोद करत नाही.

त्या अर्लांची एक गोष्ट मी दर वर्षी सांगतो. दोन चुलतभाऊ निम्मी-निम्मी बेटं सांभाळत होते. बिनसलं, तेव्हा मध्यस्थांनी तोडगा काढला: एका लहान बेटावर भेटा, प्रत्येकाने दोनच जहाजं आणायची, माणसंही सारखी. एक जण दोन जहाजं घेऊन आधी येऊन थांबला. दुसरा आला तो आठ जहाजं घेऊन. पहिल्याने ओळखलं. त्याने तीन पर्याय पुढे ठेवले: मला दूर तीर्थयात्रेला जाऊ दे, परत येणार नाही, नाहीतर स्कॉटलंडात नजरकैदेत ठेव, नाहीतर डोळे काढून कोठडीत टाक, पण भावाच्या खुनाचं पाप घेऊ नकोस. तिसऱ्या पर्यायाला आठ जहाजंवाला तयार झाला होता. पण त्याच्याबरोबरच्या सरदारांनी ऐकलं नाही. दोन अर्ल नकोत, आजच काय ते होऊ दे, म्हणाले. निशाण धरणाऱ्याने तलवार उचलायला नकार दिला, तेव्हा स्वयंपाक्याला पुढे केलं. तो रडत रडत पुढे झाला आणि त्याने घाव घातला.

ही गोष्ट मी आईला एका रविवारी फोनवर सांगितली होती. वडील तेव्हा होते. आईने सगळं ऐकून एकच विचारलं, "त्याच्या आईचं काय झालं रे?"

मी सांगितलं. समेट होणार म्हणून त्या बाईने दोघांच्या जेवणाची तयारी करून ठेवली होती. जेवायला एकटा आठ जहाजंवालाच आला. तिने त्याला वाढलं, प्यायला दिलं, आणि त्याचं पोट भरल्यावर मुलाचं प्रेत मागितलं, मातीत ठेवायला. तो रडला आणि हो म्हणाला.

"आधी वाढलं?" आईने विचारलं.

वडील शाळेत शिक्षक होते. आमच्या आज्याला गावात हक्काची वीतभर जागा नव्हती. वडिलांनी साताऱ्याच्या अलीकडे एक प्लॉट घेतला, चार खोल्या बांधल्या, त्यातली मागची खोली फक्त पुस्तकांसाठी ठेवली. गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी नदीत सोडल्या नाहीत. मागच्या अंगणात खड्डा केला, दादाने आणि मी मूठ मूठ अस्थी ठेवल्या आणि वर जांभळाचं रोप लावलं. पुण्यानुमोदनाचं जेवण उरकलं आणि तिसऱ्या दिवशी मी विमानात होतो.

वर्षभराने वाटणीचा विषय मीच काढला. मला कशाचीही कमी नव्हती. पण दादाने फोनवर सहज म्हटलं होतं, "मागच्या खोलीला पत्रा नवीन घातला." मला विचारलं नाही, हेच मला लागलं. मी परदेशी गेलो तो गेलोच, असं धरून चाललेत की काय? आज पत्रा, उद्या सात-बारा. बायको म्हणाली, "अरे, गळत असेल खोली." ती आर्नहेमच्या ऑफिसात लोकांची भांडणं मिटवण्याचंच काम करते. मी तिचं ऐकलं नाही.

आईने अट घातली. "तुम्ही दोघंच बोला. मी पण बसणार नाही. तिसरं कुणी नको." दोघांनीही कबूल केलं.

आता माझी विद्वत्ता बघा. पंधरा वर्षं मी अर्ल वाचत होतो. कबूल करून कोण किती माणसं घेऊन येतो, याच्यावर माझा प्रबंध आहे. मला खात्री होती की दादा काका-चुलत्यांना जमवून बसणार. म्हणून मी पुण्यातल्या एका वकील मित्राला व्हिडिओ कॉलची लिंक पाठवली. मग मामाला. मग मामाच्या मुलाला, तो रजिस्ट्री ऑफिसात असतो म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आमच्या घरात ब्रह्माला थारा नव्हता, पण कोरडा पाषाण मात्र निपजला.

दादा एकटाच होता. मागच्या खोलीत, वडिलांच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. स्क्रीनवर एकेक चौकट उघडत गेली तसा तो प्रत्येकाकडे बघत गेला. "अरे, मामा पण आहेत का? बरं, बरं," म्हणाला.

मग त्याने हळूहळू सांगितलं. निम्मं तुझ्या नावावर लिहून देतो, फक्त मधे भिंत नको. ते नको असेल तर मी आईला घेऊन भाड्याने राहतो, तू कुलूप लाव, पण विकू नको. तेही पटत नसेल तर सगळंच तुझ्या नावावर कर, मी राखणदार म्हणून राहतो.

तिसरं ऐकलं आणि मला ते लहान बेट आठवलं. तो काय करतोय हे जगात कुणाला कळलं असेल तर मला. मी तोंड उघडणार तेवढ्यात वकील म्हणाला, "इमोशनल होऊ नका. आज गोड बोलतील, उद्या कोर्टात भेटतील." मामा म्हणाला, "एक घाव दोन तुकडे करून टाका बाबांनो."

दादा माझ्याकडेच बघत होता. "तू काय म्हणतोस, तेवढं सांग."

"वकील म्हणतात तसं करू," मी म्हणालो. स्वयंपाक्याला निदान रडू तरी आलं होतं.

दादाने कॅमेऱ्यासमोर हात जोडले, सगळ्यांना जयभीम घातला आणि कॉल बंद केला. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

पुढच्या तीन खोल्या त्याच्या, मागची खोली आणि अंगण माझं, असं वकिलामार्फत ठरलं. जांभूळ माझ्या हिश्शात आलं याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. वर्ष गेलं. इथे मास नदीच्या पलीकडे आम्ही घर घ्यायचं ठरवलं आणि मी माझा हिस्सा विकायला काढला. शेजारच्या दुकानदाराला गोदामासाठी जागा हवी होती. मी गावी गेलोही नाही. हेगच्या दूतावासात कुलमुखत्यारपत्रावर सही केली, बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. अस्थींचं मी विसरलो नव्हतो. त्याचा विचारच येऊ दिला नाही. दोन्हींत वाईट कोणतं, ते मला ठरवता येत नाही.

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आईचा व्हिडिओ कॉल आला. इकडे साडेबारा वाजले होते, तिकडे पाच.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग वाढून घे. मी बसते."

बायको बाहेर गेली होती. मी कालचा भात आणि आमटी गरम केली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि जेवायला लागलो. आई नुसती बघत होती. "आणखी घे," म्हणाली. मी घेतला. "ताकाचं काही मिळतं का तिकडे?" मिळतं म्हटलं, आणि फ्रिजमधून काढून प्यालो. ताट रिकामं झालं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"झालं पोटभर?"

"झालं."

"आता एक मागते. नाही म्हणू नकोस. तुझ्या पप्पांची माती मला तिथून काढून घेऊ दे. पुढे पायरीपाशी ठेवीन. ते दुकानवाले उद्या तिथे काँक्रीट टाकणारेत." तिचा आवाज सरळ होता. "तुझ्या गोष्टीतल्या त्या बाईनेपण आधी वाढलं होतं. म्हणून मीपण थांबले."

आठ जहाजंवाला रडला होता. पुढे तो लांबच्या यात्रेला जाऊन आला आणि लोकांनी त्याला चांगला अर्ल म्हटलं. मला रडू आलं नाही. हो म्हणायलाही वेळ लागला.

आईने उत्तराची वाट बघता बघता फोन अंगणाकडे वळवला. जांभूळ कमरेएवढं झालं होतं. त्याच्याजवळ दादा पाठमोरा उभा होता, शेजारी रिकामी पाटी, हातात कुदळ. त्याने एक घावही घातला नव्हता. जागा माझी होती, आणि माझा दादा माझ्या परवानगीसाठी थांबला होता.