त्यांचा चालू, आपला चालू

वसमतच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली तरी आई माझी पिशवी भरतच होती. ज्वारीचं पीठ, तीळ, खारोड्या. "पुरे म्हन की ग, न्हाईतर म्या भरतच राहीन." मी काही पुरे म्हटलं नाही. आठवीत शाळा सुटलेली, लग्नाला महिना झालेला. नवरा कामाला होता ते गुंटूर नकाशात कुठं असतं तेही ठाऊक नव्हतं.

इथं मी मिरचीच्या गोदामात देठ खुडते. माझ्या चार वर्षांच्या लेकीला, स्वराला, शेजारच्या रत्नम्मा दिवसभर सांभाळतात, नुसत्या मायेपोटी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तरी संध्याकाळी लेक त्यांच्या मांडीवरून उठत नाही, त्यांना 'अम्मम्मा' म्हणते, म्हणजे आईची आई, तेव्हा गोदामात न झोंबलेली मिरची मला झोंबते.

मागच्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच आली. नातीला वरणभात वाढायला बसली. स्वरा म्हणाली, "चालू, आजी." आईनं आणखी वाढला. "चालू, चालू!" आई हरखली, "माझी वाघीण ती!" आणि अजून एक डाव.

तेलुगूत चालू म्हणजे पुरे. आपला चालू चालण्यातून आला, त्यांचा पुरण्यातून. दोघांचं ना नातं ना गोतं. मला हे माहीत होतं, तरी सांगितलं नाही. रत्नम्मांचा शब्द लेकीच्या तोंडी नको, म्हणून अडून बसले. "पुरे म्हण," दटावलं. तिला तो शब्द येतच नव्हता. मी तरी कधी तिच्या कानावर घातला होता? ती रडत उठली आणि थेट रत्नम्मांच्या दारात.

"काहून रडली ग? म्या काय वंगाळ बोलले?" आईनं विचारलं. मग सांगावंच लागलं. "तुला म्हाईत होतं न?" एवढंच म्हणाली.

आता रोज फोन असतो. बोलून झालं की आई विचारते, "ठेवू का?" स्वरा ओरडते, "चालू!" "चालू म्हनली न? मंग ऐक." आणि नवी गोष्ट सुरू. मुद्दाम करते म्हातारी. लेक खिदळत फोन घट्ट धरते. मी भाकरी थापत ऐकते. आधी रत्नम्मांचा हेवा वाटायचा, आता या दोघींचाही वाटतो.

काल मीच फोन ओढून घेतला. आई म्हणाली, "ठेवू का ग?"

"चालू."

तिनं विचारलं, "कोनता? तिकडला का आपला?"

"आपला, आई."

मग ती बोलायला लागली, स्टँडवर पिशवी भरत होती तशी.