खरंच काढणारे सर

सरांना चित्रात खोटं झाड चालत नसे. जागा भरायची म्हणून कोणी कोपऱ्यात एखादं झुडूप टाकलं, की ते वाकून विचारायचे, "हे कुठे आहे? दाखवा." दाखवता आलं नाही, तर ओला ब्रश फिरवून पुसून टाकायचे. चाळिशी उलटल्यावर शिकायला आलेल्या माझाही त्यांनी कधी मुलाहिजा ठेवला नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी आम्हा चार-पाच जणांना नाशिकहून हरसूलच्या रस्त्याला चित्रं काढायला नेत. धरणाचं पाणी जवळ होतं, सोपं होतं. पण सर तिकडे फिरकत नसत. "नेहमी इकडेच का?" मी एकदा विचारलं. "हिचं माहेर आहे," एवढंच म्हणाले.

त्यांचा चित्राचा बोर्ड पोचवायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा उलगडा झाला. सरांच्या पत्नी, काकू, जिन्यावरून पडल्या होत्या. कमरेखालचं सगळं गेलं होतं. कित्येक वर्षं खाटेवर. सरांनी नुकतं वाळलेलं चित्र त्यांच्यासमोर धरलं. काकू कागदावरून बोट फिरवत म्हणाल्या, "ओढा लय आटला हो यंदा. आन् हा बांध कुणी फोडला?"

पुढच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला डोंगराची कड कापली. वळणावरचं मोहाचं झाड गेलं. त्याच्याखाली काकूंनी लहानपणी फुलं वेचली होती. सर कोरा कागद मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मी हळूच म्हटलं, "सर, कागदावर झाड काढा ना. त्यांना काय कळणार?" त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. तांबडी, सोललेली दरड काढली.

घरी काकूंनी चित्र पाहिलं. "मोह?"

"नाही गं आता."

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला सरांचा राग आला. जिन्यात मी तसं बोलले. ते कठड्याला धरून उभे राहिले. "तू पुन्हा चालशील, असं तिला डॉक्टर सांगतात, मुलगा सांगतो, मीही सांगतो. एक तरी गोष्ट तिला खरी कळू दे."

पावसाळ्यात काकू गेल्या. थंडी पडल्यावर सर एकदा आमच्याबरोबर आले. बोर्ड मांडला, वाटीत पाणी ओतलं आणि बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं.

"काढत नाही, सर?"

"दिसतंय सगळं. दाखवायचं कोणाला?"

मग मुलानं त्यांना बंगळूरला नेलं. फोनवर मी विचारलं, तिथे काय काढता? "समोर बिल्डिंग आहे," म्हणाले आणि माझ्या तब्येतीची चौकशी करू लागले. वर्ष पुरं व्हायच्या आत तेही गेल्याचा मेसेज आला.

आमचा वर्ग मोडला. मी मात्र अजून एसटीनं तिकडे जाते. परवा कापलेल्या दरडीवर उगवलेलं गवत छान जमलं. अगदी तिथे होतं तसं. घरी आले, कुलूप काढलं, चित्र टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं, आणि चपला न काढता तशीच त्याच्यासमोर बसून राहिले.