खाट, लाटणं आणि एक खिळा

आमच्या मतदारसंघात आजवर उमेदवार पडले ते जातीनं, पैशानं, नाहीतर वरून आलेल्या लाटेनं. माझा थोरला भाऊ तेवढा शेवभाजीनं पडला.

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. मी मुळात कमी बोलणारा. (शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचो. गुरुजींनी वर पाहिलं नाही, की त्या दिवशी गैरहजर!) त्यामुळे लोकांना वाटतं, हा माणूस फार विचारी आहे. विचारी कसला! पोटात एक गोष्ट दाबून बसलेल्या माणसाला तोंड उघडायची भीती वाटते, इतकंच.

आधी आमच्या मतदारसंघाचा इतिहास थोडक्यात सांगतो. निजाम गेला, महाराष्ट्र आला, मतदारसंघाच्या हद्दी इकडच्या तिकडं झाल्या, शिक्का जाऊन बटण आलं. आमदार मात्र कायम पलीकडच्या पट्ट्यातला. आमच्या पट्ट्यानं दिले ते फक्त पडलेले उमेदवार. आमच्याकडं लेकरांना पाढ्यांच्या आधी हे पराभव पाठ होतात. एक जण पडला, कारण मतदानाच्या दिवशीच मोठी लग्नतिथ होती आणि निम्मं गाव वऱ्हाडात वाशिमकडं गेलेलं. (नवरदेव उमेदवाराचाच पुतण्या!) एक जण पडला, कारण शेवटच्या सभेत तो भावनेच्या भरात म्हणाला, "निवडून आलो न्हाई तरी मी तुमचाच." लोकांनी ते फारच मनावर घेतलं.

अशा पट्ट्यात माझे दादा उभे राहिले. विश्वनाथदादा. पक्षानं तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष. पण माणूस खरा होता हो. कुणाच्या बाळंतिणीसाठी रात्री जीप काढ, कुणाचा सातबारा अडकला तर तहसीलच्या पायऱ्या झिजव, असं आयुष्य काढलेलं. शेताच्या बांधांवर, पारावर, एसटीत, सगळीकडं एकच बोलणं: "अवंदा आपला आमदार!" पट्ट्याला पहिल्यांदाच असं वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे मी काय घालवलं ते कळेल.

उमेदवार अर्ज भरतो तेव्हा घरातल्या कुणाचा तरी डमी अर्जही भरतात. छाननीत मूळ अर्ज उडाला तर हाताशी दुसरा असावा म्हणून. मूळ अर्ज टिकला, की डमीनं माघार घ्यायची. साधी पद्धत आहे, सगळेच करतात. तर डमी कोण, यावर आमच्या ओसरीत चर्चा झाली. दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"ह्याचं नको," दादा म्हणाले. "अर्ज उडाला तर ह्याला भाषण करा लागंल. लोकायला वाटंल, श्रद्धांजलीची सभा हाये."

मग सुमनवहिनींचं नाव निघालं. दादांची बायको. त्या आतून कार्यकर्त्यांच्या पोळ्या लाटता लाटता ओरडल्या, "मी काहून? मला इथं मराया टाइम न्हाई!"

"अगं, नावाला! छाननी झाली की माघार!"

कागद भरायचं काम माझ्याकडं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "वहिनी, चिन्ह कोणतं लिहू?"

"लिहा लाटणं!" हात पिठात बुडालेले. "दुसरं काय हाये माह्या हातात?"

मी हसलो, आणि लाटणं लिहिलं. नावालाच तर होतं!

छाननीत दादांचा अर्ज सुखरूप टिकला. माघारीची मुदत शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. दादा त्या दिवशी सेनगावच्या बाजारात प्रचाराला जाणार होते. वहिनींनी माघारीच्या कागदावर सही केली. सूचक मीच होतो, त्यामुळे कागद निवडणूक कचेरीत मी नेऊन दिला तरी चालणार होतं. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे एवढं एकच काम तुह्याकडं हाये. बराबर कर."

मी सकाळीच मोटारसायकल काढली. वेळ भरपूर होता. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका वेळ भरपूर असतानाच झाल्या आहेत.

कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यापाशी चहाला थांबलो. फक्त चहाला! तर आतून एकानं हाक मारली, "अय, ते पहा, आमदारसायबाचे बंधू!"

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मीच बंधू होतो!

हे समजून घ्या. मी जन्मभर "त्यायचा तो भाऊ, तो न्हाई का, गप बसणारा" म्हणून जगलो. माझ्यासाठी कुणी खुर्ची पुसली नव्हती. तिथं एकानं गमछ्यानं खुर्ची पुसली. दुसऱ्यानं पंखा माझ्याकडं फिरवला. तिसरा म्हणाला, "साहेब, आमच्या वस्तीची लाइटची डीपी जळून राहिली सारखी. कायतरी करा."

आणि मी, जो हजेरीला "हजर" म्हणत नव्हता, तो बोललो! म्हणालो, "होऊन जाईल."

मग काय! पाट फुटला. "साहेब, आमच्या रस्त्याचं?" होऊन जाईल. "शाळेवर मास्तर न्हाई साहेब." देऊ पाठवून. "स्मशानभूमीला शेड?" (इथं मी जरा विचार केल्यासारखं केलं, सगळं पटकन मंजूर केलं तर वजन राहत नाही.) बघू म्हणालो. तेवढ्यात न मागता शेवभाजी आली. वर तर्री, बाजूला कांदा, गरम भाकर. मी खात होतो आणि मंजूर करत होतो. एका बैठकीत मी जेवढा विकास केला, तेवढा आमच्या पट्ट्यानं अजून पाहिलेला नाही.

फोन वाजला. दादा.

"कुठं हायेस?"

"पोचलोच!" मी भरल्या तोंडानं म्हणालो.

"आवाज काहून असा येऊन राहिला?"

"वारा हाये, दादा!"

फोन ठेवला आणि आणखी एक भाकर घेतली. तेवढ्यात कुणीतरी ओढ्यावरच्या पुलाचा विषय काढला, आणि मी त्यावर सविस्तर बोललो. सविस्तर! मी!

कचेरीत धावत शिरलो तेव्हा निवडणूक अधिकारी साहेब टेबल आवरत होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. तीन वाजून गेलेले.

"साहेब, घरातलीच बाई हाये! माही सख्खी वहिनी!"

"असतील. पण आता त्या उमेदवार आहेत."

"डमी हाये हो, साहेब!"

"तसा आमच्याकडं रकाना नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

घरी परतताना मी मनात पन्नास कारणं जुळवली. दारातच दादा उभे. माझं तोंड पाहून त्यांनीच विचारलं, "पंक्चर?"

मी मान हलवली.

"खिळा?"

मी पुन्हा मान हलवली. (कमी बोलण्याचा हा तोटा. खोटंसुद्धा दुसरेच बोलतात, आपण नुसतं मान्य करायचं.)

दादांनी गाडीच्या चाकाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे टाकला कुणीतरी."

मी काहीच बोललो नाही. तेवढ्यानं संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्याला कळलं, की विरोधकांनी रस्त्यात खिळे पेरले!

चिन्हं वाटली गेली. दादांना खाट, वहिनींना लाटणं. विरोधकांना भाषण लिहायची गरजच उरली नाही. त्यांचा माणूस स्टेजवर नुसता म्हणायचा, "एका घरात खाट एकीकडं, लाटणं एकीकडं, असल्या घराला मतदारसंघ सांभाळाया द्यायचा?" आणि लोक शिट्ट्या मारायचे.

यावर वहिनींनीच उपाय काढला. पदर खोचून दारोदार निघाल्या. "बायांनो, मला मत देऊ नका! ह्यायला द्या, खाटेला द्या!"

बाया हरखून गेल्या. एक म्हातारी तर वहिनींच्या हाताला धरून म्हणाली, "माय, इतके आले अन् गेले, पण मत देऊ नका म्हनणारी तूच पयली! किती गरीब मनाची हायेस तू!" दुसरी म्हणाली, "खाटंवर कोण बसतं वं आपल्या घरात? गडीमाणूसच ना! लाटणं आपलं हाये." वहिनी जितक्या पोटतिडकीनं नको म्हणत, तितकी बायांची मतं पक्की होत. शेवटी मीच त्यांना म्हणालो, "वहिनी, आता प्रचार थांबवा, न्हाई तर निवडून याल!"

मतमोजणीला मी बाहेर लिंबाखाली बसलो होतो. आत जायचं धाडस नव्हतं. दर फेरीला माणूस बाहेर येऊन सांगायचा. आधी दादा पुढं, मग मागं, मग पुन्हा पुढं. शेवटी दादा पडले. थोडक्यात पडले. इतक्या थोडक्यात, की वहिनींची मतं दादांच्या मतांत मिळवली असती तर आमच्या पट्ट्यात पहिल्यांदाच गुलाल उधळला असता. लोक बेरीज करत होते. मी न करताच उठलो.

आणि खरी शिक्षा पुढं होती. गावानं सत्कार ठेवला. माझा! खिळे लागलेली गाडी उन्हात ढकलत कचेरीपर्यंत नेली म्हणून! (ढकलत नेली, हे कुठून आलं, मला माहीत नाही, सत्काराच्या पत्रकात होतं.) शाल अंगावर घेताना मी समोर पाहिलं. पुढच्या रांगेत वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. कारण त्यांच्या वाट्याला वेगळंच आलं होतं. लग्नाकार्यात, पाणवठ्यावर बाया डोळे मिचकावून म्हणायच्या, "हीच ती, नवऱ्याला पाडणारी!" ज्यांनी आवडीनं मतं दिली त्याच! वहिनी हसण्यावारी न्यायच्या. पण घरात पूर्वी बोलण्यात कुणाच्या बापाला न ऐकणाऱ्या त्या बाई हळूहळू माझ्यापेक्षा कमी बोलू लागल्या. दादांनी पुन्हा कधी अर्ज भरला नाही. डीपी अजून जळते. पूल अजून नाही. आणि मी शालीचा उपयोग थंडीतही केला नाही.

गेल्या विधानसभेच्या वेळी पुन्हा भोंगे फिरू लागले. दादांच्या ओसरीवर तरणी पोरं गोळा झाली होती, आणि दादा त्यांना इतिहास सांगत होते: "त्या साली आपल्याला एका खिळ्यानं पाडलं." वहिनी चहा देत होत्या. एक पोरगं पटकन बोलून गेलं, "खिळ्यानं का लाटण्यानं?" सगळे हसले. वहिनींनी त्याच्याही कपात चहा ओतला.

पोरं गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ढाबा, खुर्ची, डीपी, स्मशानभूमीची शेड, पोचलोच, सगळं. माझ्या आयुष्यातलं दुसरं मोठं भाषण. पहिलं कुठं झालं ते आता तुम्हाला माहीत आहे.

वहिनींनी पोरांचे रिकामे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "भावजी, शेवभाजी बरी होती का?"

मला रडू आलं. "तिखट होती, वहिनी."

"असू द्या," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

दादा खांबाला टेकून बसले होते. मला वाटलं, आता मारतील. मारायला पाहिजे होतं. पण ते म्हणाले, "खिळाच होता."

"न्हाई दादा, मी—"

"गप बस!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "मला दुश्मनानं पाडलं. कळलं का? दुश्मनानं!"

मग आवाज खाली आला. "सख्ख्या भावाच्या दोन भाकरीपायी पडलो, हे मी ह्या वयात कुणाला सांगू?"

मी गप्प बसलो. सवय होतीच.

म्हणून आता लिहून टाकतो आहे, वहिनींवरचा बोल तरी उतरावा म्हणून. पट्ट्यात कुणी हे वाचलं तर मला शिव्या देईल अशी आशा होती. परवा एका जुन्या कार्यकर्त्याला आधी वाचायला दिलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं, डोळे पुसले, माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "खरं सांगा भाऊ, विरोधकायनं किती दबाव आणला तुमच्यावर हे लिव्हायला?"